पिटला स्मॅशने जिवंत केलं, ठीक. पण नंतर स्मॅशने पिटकडून काय काय उचललं ते पण बोला की

स्मॅश ब्रदर्स, म्हणजे निंतेंदोच्या वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांशी लढवणारा गेम, त्याचा विषय निघाला की कोणीतरी एक जण येतोच आणि तेच तुणतुणं वाजवतो, पंखवाल्या पिटच्या किड इकारस मालिकेचे तीन-तीन फायटर कशाला पाहिजे होते, सगळा स्मॅश बनवणाऱ्या साकुराईचा वशिला. मी हे इतके वेळा वाचलंय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, परत कोणी बोललं की ही पोस्ट चिकटवायची आणि झोपायचं.

आधी त्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करून टाकू. किड इकारसचे गेम मोजून तीन. पहिला 1986 चा, दुसरा 1991 चा गेमबॉयवरचा (जो तेव्हा जपानमध्ये रिलीज सुद्धा केला नव्हता, स्वतःच्याच देशात!) आणि तिसरा 2012 चा, थ्रीडीएस या निंतेंदोच्या हातातल्या कन्सोलवरचा अपरायझिंग. तीन गेम, तीन फायटर, पिट, त्याची देवी पालुटेना आणि पिटची नक्कल डार्क पिट. आणि 2014 च्या स्मॅशमध्ये मेट्रॉइडचे दोन, त्या पण दोन्ही सॅमसच, डाँकी काँगचे दोन, एफ-झीरोचा बिचारा कॅप्टन फाल्कन एकटाच. म्हणजे कागदावर बघितलं तर राग येणं साहजिक आहे. वर अपरायझिंग बनवणारा आणि स्मॅश बनवणारा माणूस एकच, मासाहिरो साकुराई. मग काय, वशिला वशिला वशिला.

पण जरा तारखा बघा ना राव. 2001 च्या मेली नावाच्या स्मॅशमध्ये पिट म्हणजे फक्त एक ट्रॉफी, शोपीस. 2008 च्या ब्रॉल नावाच्या स्मॅशमध्ये त्याला नवीन रूप दिलं, आवाज दिला, फायटर केला, आणि त्यातली पालुटेना म्हणजे कथेच्या एका सीनमध्ये येऊन पिटला धनुष्य देऊन जाते बस. ब्रॉल संपल्यावर निंतेंदोचे तेव्हाचे अध्यक्ष इवाता यांनी साकुराईला सांगितलं की नवीन हॅन्डहेल्ड (हाच तो थ्रीडीएस) येतोय, त्याच्यासाठी काहीतरी बनव. त्यासाठी 2009 मध्ये प्रोजेक्ट सोरा नावाचा वेगळा स्टुडिओ उभा केला, मार्च 2012 मध्ये अपरायझिंग आला आणि काही महिन्यांतच स्टुडिओ बंद. एक गेम बनवला आणि खेळ खल्लास. नंतर लगेच बांदाई नामकोसोबत पुढचा स्मॅश.

म्हणजे दोन स्मॅशच्या मधल्या सहा वर्षांतली जवळपास चार वर्षं या माणसाने अपरायझिंगमध्ये घातली. कथा आणि संवाद सुद्धा स्वतः लिहिले. तर मग 2014 च्या स्मॅशमध्ये अपरायझिंगचा वास येणार नाही तर कशाचा येणार? माझं म्हणणं एवढंच की तीन फायटर ही त्या प्रभावातली सगळ्यात फुटकळ गोष्ट आहे, खरा माल दुसरीकडे आहे आणि तो कोणी मोजतच नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इंटेन्सिटी. अपरायझिंगमध्ये प्रत्येक चॅप्टरच्या आधी एक कढई येते, त्यात तुम्ही तुमचे कमावलेले हार्ट्स (या गेममधले पैसे) पणाला लावायचे आणि 0.0 पासून 9.0 पर्यंत कुठे पण अवघडपणा सेट करायचा. 4.3 पाहिजे? घ्या 4.3. जेवढं वर जाल तेवढे हार्ट्स जास्त लागतात, पण हत्यारं पण भारी मिळतात. आणि मेलात की कढईतले हार्ट्स सांडतात, इंटेन्सिटी खाली येते आणि गेम म्हणतो चल पुढे, परत सुरू कर. यातली मजा अशी की तुम्हाला कोणी इझीवाला म्हणून हिणवत नाही, पण स्वतःच्या हावरटपणाची किंमत मात्र स्वतःच मोजावी लागते. वर काही दरवाजे ठरावीक इंटेन्सिटीच्या वरच उघडतात, त्यामुळे कधीतरी लालच होतेच की आज 8 वर जाऊन बघू काय आहे आत.

आता 2014 चा स्मॅश लावा आणि क्लासिक मोडमध्ये जा, जिथे एकामागोमाग एक लढती खेळायच्या असतात. हार्ट्सच्या जागी सोन्याची नाणी, बाकी तोच प्रकार! तेच 0.0 ते 9.0, तेच पैज लावणं, हरलं की तेच खाली घसरणं. त्याच्या आधी ब्रॉलमध्ये काय होतं, इझी, नॉर्मल, हार्ड वगैरे पाच कप्पे, झालं. अल्टिमेटमध्ये, म्हणजे त्यानंतरच्या 2018 च्या स्मॅशमध्ये, पैज काढली पण इंटेन्सिटी ठेवली, तुम्ही चांगले खेळलात की ती आपोआप चढत जाते, 9.9 पर्यंत. मला स्वतःला पैजवाला प्रकार जास्त आवडायचा, त्यात धाकधूक होती, पण असो. मुद्दा असा की पालुटेनाला हात पण न लावता, मारिओ घेऊन क्लासिक खेळणारा माणूस सुद्धा अपरायझिंगच खेळत होता, त्याला कळलं नाही एवढंच.

त्याच 2014 च्या स्मॅशच्या थ्रीडीएस आवृत्तीतला स्मॅश रन मोड तर विचारूच नका. पाच मिनिटं एका मोठ्या मेझमध्ये पळायचं, शत्रू मारायचे, ताकद गोळा करायची. त्यात समोर कोण येतं? मोनोआय, रीपर, क्लबरस्कल, आणि तो ऑर्न, ज्याला नुसता स्पर्श झाला की खेळ संपला. अपरायझिंगमध्ये मी ऑर्नला बघून जसा उलटा पळायचो तसाच इथेही पळालो, थांबून विचार सुद्धा केला नाही.

बरं पालुटेना. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त चुकीचं बोललं जातं, की ही तर मूळ गेममध्ये लढतच नाही, हिचे मूव्ह्ज हवेतून काढलेत. अरे हवेतून नाही, ग्रिडमधून काढलेत! अपरायझिंगमध्ये पिट जमिनीवर उतरला की त्याच्याकडे पॉवर्स असतात, वेगवेगळ्या आकाराचे तुकडे, एका चौकोनी ग्रिडमध्ये बसवायचे, जे मावेल ते घेऊन जायचं. ऑटोरेटिकल, रिफ्लेक्ट बॅरियर, वॉर्प, काउंटर, एक्सप्लोझिव्ह फ्लेम, हेवनली लाइट, रॉकेट जंप, ही सगळी त्या ग्रिडमधलीच नावं. कथेत देवी वरून पिटला शक्ती देते, पिट त्या वापरतो. मग ती स्वतः खाली उतरली तर दुसरं काय वापरणार? फायनल स्मॅशमधला (प्रत्येक फायटरचा सगळ्यात मोठा वार) ब्लॅक होल आणि लेझर पण तिथलाच. मला तरी स्मॅशमध्ये इतका विचार करून बनवलेले मूव्हसेट फार कमी दिसतात, आणि गॅननडॉर्फच्या हातात कॅप्टन फाल्कनचे मूव्ह्ज इतकी वर्षं खपवून घेणाऱ्यांनी तर पालुटेनाला नावं ठेवूच नयेत.

पिटच्या पंखांचं पण तसंच. ब्रॉलमध्ये तो परत परत पंख फडफडवत लांबपर्यंत उडायचा. अपरायझिंगने सांगितलं की याला स्वतःहून उडताच येत नाही, पालुटेना उडवते, ते पण पाच मिनिटं, त्याच्या वर गेलं की पंख जळतात. (एकविसावा चॅप्टर ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये, ज्यांनी नाही त्यांच्यासाठी गप्प बसतो.) आणि 2014 मध्ये पिटची फडफड गेली, एक सरळ झेप उरली, नाव पॉवर ऑफ फ्लाइट. म्हणजे कथेतला एक नियम आला आणि त्याचं फायटिंग गेममधलं रिकव्हरीचं, म्हणजे बाहेर फेकलं गेल्यावर स्टेजवर परत येण्याचं, गणितच बदललं.

आणि बडबड! अपरायझिंगची खरी जान म्हणजे बडबड. तुम्ही उडताय, गोळ्या चुकवताय, आणि मागे पिट, पालुटेना, निसर्गाची देवी विरिडी, पाताळाचा राजा हेडीस अखंड बोलतायत, एकमेकांना टोमणे मारतायत, आपण व्हिडिओ गेममध्ये आहोत हे माहिती असल्यासारखे जोक मारतायत. नवव्या चॅप्टरनंतर गेम संपला असं वाटून शेवटची श्रेयनामावली सुरू होते आणि हेडीस ती नामावलीच फाडून बाहेर येतो, तिथे मी या गेमसमोर हात टेकले. स्मॅशमध्ये पालुटेनाज् टेम्पल स्टेजवर पिट घेऊन गुपचूप टाँट (समोरच्याला डिवचायची हालचाल) दाबला की पिट, पालुटेना आणि विरिडी हे तिघं समोरच्या फायटरबद्दल गप्पा मारायला लागतात. तशी ही पद्धत जुनी, मेलीमध्ये स्टार फॉक्सवाले बोलायचे, ब्रॉलमध्ये स्नेकचा कोडेक, म्हणजे रेडिओवरचं बोलणं, होतं. पण कोडेक माहिती द्यायचा. हे तिघं भांडतात, एकमेकांची खेचतात, ग्रेनिंजा नावाच्या बेडूक पोकेमॉनच्या गळ्यातला स्कार्फ म्हणजे त्याची जीभ आहे कळल्यावर पिटला किळस येते. हे चार ओळीत जमायला आधी पंचवीस चॅप्टर एकत्र घालवावे लागतात.

डार्क पिट मात्र मी वाचवणार नाही. कथेत तो आरशातून निघालेली नक्कल आहे वगैरे ठीक, पण मुळात तो पिटचा वेगळा कॉस्च्युम म्हणूनच येणार होता हे साकुराईने स्वतः सांगितलंय, मग तसाच ठेवायचा ना. अपरायझिंगमध्ये हत्यारांचे नऊ प्रकार आहेत, क्लब, क्लॉ, कॅनन, काय काय. त्यातला एखादा पूर्ण सेट त्याला दिला असता तर आज कोणी ब्र काढला नसता. दिलं काय, तर वेगळं धनुष्य, एक इलेक्ट्रोशॉक आर्म आणि फायनल स्मॅशमध्ये एक स्टाफ, बाकी सगळा पिटच.

आणि यात सगळ्यात चीड आणणारी गोष्ट, अपरायझिंग अजून थ्रीडीएसवरच अडकलाय. स्टायलसने नेम धरायचा, डाव्या हाताने चालायचं आणि त्याच हाताच्या बोटाने गोळी मारायची, मनगटाची वाट लागते म्हणून बॉक्समध्ये सोबत स्टँड दिला होता, यावरूनच समजा. मार्च 2023 पासून निंतेंदोच्या ऑनलाइन दुकानात, ईशॉपवर, तो विकत पण मिळत नाही, जुनं कार्ट्रिज शोधा नाहीतर सोडा. अल्टिमेटमध्ये पालुटेनालाच मेन (नेहमीचा फायटर) करणारी पोरं मला विचारतात हा गेम कुठे खेळू, आणि माझ्याकडे सरळ उत्तर नसतं. दोन स्टिक आणि जायरोवर (कंट्रोलर हलवून नेम धरायची सोय) हा गेम आणा, एवढंच करा, ग्राफिक्स नका सुधारू, काही नवीन नका घालू, कढई तेवढी आहे तशी ठेवा.