लाभार्थी

मानेला अजून शेक देतोय. तेव्हा लेखाचा सूर कुठे वाकडा लागला, तर तो मानेमुळे.

झालं ते एवढंच. जुने कागद श्रेडरमध्ये घालत होतो. कागदांबरोबर गळ्यातल्या आयडी कार्डाची दोरीही आत गेली. मशीनने ती आवळत आवळत माझी हनुवटी स्वतःच्या कडेला टेकवली, एक घुरघुर केली आणि अडकून बसलं. मी कंबरेत वाकलेला, नाकासमोर बादलीभर कपटे.

आमच्याकडे तेव्हा 'सहृदयता सप्ताह' चालू होता. १३ नोव्हेंबरला जागतिक दयाळूपणा दिन असतो, १९९८ पासून. एका दिवसात आमचं काही भागणार नाही, हे वरच्यांनी बरोबर ओळखलं आणि आठवडा घोषित केला. प्रत्येकाने तीन सत्कृत्यं करायची आणि फोटोसकट अ‍ॅपवर चढवायची. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. मी अडकलो तो शुक्रवार, पावणेपाच.

पावलं वाजली. पलीकडच्या विभागातले एक सद्गृहस्थ होते. दोन वर्षांत आमचं बोलणं म्हणजे लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा.

"अरे बापरे सर! हलू नका."

मला भरून आलं. हलू नका म्हणजे डोक्याला लागू नये म्हणून असावं. फोटो हलू नये म्हणून होतं.

"अहो, आधी मशीन बंद करा!"

"करू या. पूर्ण नाव?"

सांगितलं. हनुवटी टेकलेली असताना स्वतःचं नाव नीट उच्चारता येत नाही, हे तेव्हा कळलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"लाभार्थीमध्ये टाकलं. मदतीचा प्रकार? भावनिक, तांत्रिक, इतर."

"तांत्रिक!"

"तांत्रिक टाकलं की आयटीची परवानगी मागतंय. भावनिक टाकू? मी धीर देतोच आहे की."

"काहीही टाका, पण प्लग काढा."

"प्लगला हात लावायचा नाही, सूचना लावलीय वर. तुम्हाला दिसत नसेल." दिसत नव्हतीच. मला फक्त कपटे दिसत होते. "बरं, मदत मिळाल्यावर कसं वाटलं? एक ते पाच तारे."

"अजून मदत झालेलीच नाहीये!"

"हो, पण हा रकाना भरल्याशिवाय पुढे जात नाहीये. पाच देतो."

१९७३ साली डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत जा म्हणून सांगायचं आणि वाटेत एक कण्हणारा माणूस बसवायचा. निम्म्यांच्या भाषणाचा विषय तर बायबलमधली परोपकारी वाटसरूची गोष्टच होती. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता आहे याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पडला तो घड्याळाने. आमचे सद्गृहस्थ घाईत होते आणि तरीही थांबले. थांबून मदत केली नाही. हा रकाना डार्ली-बॅटसनकडेही नाही.

सोडवलं ते सफाईच्या मावशींनी. बादली ठेवली, वाकून पाहिलं. "मागं फिरवायचं बटण असतंय की याला." बटण माझ्याच हनुवटीखाली होतं. माझं डोकं जरा बाजूला सारून त्यांनी ते दाबलं, दोरी बाहेर आली. "पाणी पिऊन या," म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

मी मोठ्या उत्साहाने अ‍ॅप उघडलं. मावशींचं नाव सापडेना. त्या कंत्राटी. त्यांना आयडी नाही, म्हणून लॉगिन नाही, म्हणून सहृदयताही नाही. विचारलं तर उत्तर आलं, की सप्ताह फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी आहे. चार वर्षं त्या हा मजला पुसतायत. मलाही त्यांचं नाव त्या दिवशी विचारावं लागलं, हे लिहिताना हसू येत नाही. पुढच्या महिन्यात कंत्राट बदलणार आहे म्हणतात.

बक्षीस अर्थात सद्गृहस्थांना. सूचना फलकावर फोटो आहे. त्यात मी फक्त टकलावरून ओळखू येतो.

खरी पंचाईत पुढेच आहे. बेंजामिन फ्रँकलिनने विधिमंडळातल्या एका विरोधकाकडून दुर्मीळ पुस्तक वाचायला मागून नेलं, आठवड्याने आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं, आणि तो गृहस्थ जन्माचा मित्र झाला. ज्याने आपल्यावर एकदा उपकार केला तो पुन्हा करायला तयार असतो, असं हे गणित. सद्गृहस्थांना मनापासून वाटतं की मला त्यांनीच सोडवलं. त्यामुळे ते माझ्या प्रेमात आहेत. रोज जागेवर येऊन मानेची चौकशी करतात, बसायची खुर्ची स्वतःच्या हाताने खालीवर करून देतात. आणि ती नेमकी बरोबर उंचीला येते, हे आणखी वाईट.

परवा त्यांनी माझा चार्जर मागितला. मी दिला. देऊन झाल्यावर फ्रँकलिन आठवला आणि घाम फुटला, आता हा माणूस मला आवडायला लागणार! पण चार्जर अजून परत आलेला नाही. तूर्त तरी बचावलोय.