‘व्हिज्युअल लर्नर’ म्हणून पुस्तक मिटणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30 आणि दुसऱ्याला शिकवलेलं 90 टक्के. आपली लर्निंग स्टाइल ओळखा, त्याच पद्धतीनं शिका, बाकी वेळ वाया.’ माझ्या भाचीनं तो फार मनावर घेतलाय. “मामा, मी व्हिज्युअल, म्हणजे बघून शिकणारी आहे, मला वाचून कळतच नाही,” म्हणत तिनं पाठ्यपुस्तक बाजूला सारलंय. म्हणून हे लिहायला बसलो.

टक्क्यांचं आधी उरकतो. सगळे आकडे शून्यावर संपणारे. खऱ्या मोजमापात असं होत नाही. या मेसेजाचं मूळ ज्यात सांगतात, तो ‘अनुभवाचा शंकू’ अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी 1946 मध्ये मांडला; शिकण्याचे अनुभव प्रत्यक्षापासून अमूर्तापर्यंत रचणारी ती आकृती, त्यात टक्के नव्हतेच. ते मागाहून कुणीतरी चिकटवले. आणि लक्षात राहतं म्हणजे काय? सनावळी की सिद्धांत? तासाभरानं की वर्षभरानं?

खरा राग लर्निंग स्टाइलचा आहे, म्हणजे कुणी बघून तर कुणी ऐकूनच नीट शिकतो या दाव्याचा, कारण त्यात मुलांचं नुकसान होतं. अठराव्या वर्षी मुलगी स्वतःवर शिक्का मारून घेते आणि अवघड वाटेल ते ‘माझ्या पद्धतीचं नाही’ म्हणून सोडते. हा दावा तपासायचा कसा? ‘बघणारे’ आणि ‘ऐकणारे’ दोन्ही गटांतली मुलं चिठ्ठ्या टाकून दोन्ही पद्धतींत वाटायची आणि सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायची. बघणारे बघून आणि ऐकणारे ऐकून वरचढ ठरले, तरच दावा खरा. पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन याच कसोटीवर घासून पाहिलं. अशा रीतीनं केलेले प्रयोग मोजकेच निघाले, आणि त्यांतल्या अनेकांचे निष्कर्ष दाव्याच्या थेट उलट होते. आवडनिवड असते, हे तेही नाकारत नाहीत. पण आवडतं म्हणून जास्त शिकता येतं, हे सिद्ध झालेलं नाही.

भाचीनं पेशीविभाजनाचा व्हिडिओ बघितल्यावर मी तो बंद करायला लावला. टप्प्यांची नावं तिनं धडाधड सांगितली; विभाजनाआधी डीएनए दुप्पट का व्हावा लागतो, तिथे मात्र अडली. गुणसूत्रं हलताना दिसतात, त्यामागचं कारण दिसत नाही. तिला ते एक परिच्छेद वाचून कळलं. वाचूनच!

शिकवलेलं 90 टक्के राहतं, यातला आकडा खोटा, पण थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. शिकवताना डोक्यातलं बाहेर काढावं लागतं, आणि त्यानं आठवण पक्की होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं त्यांना 42 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 56. नुसतं वाचणाऱ्यांचेही 42 उरले. मेसेजातले 10 कुठून आले?

हा मेसेज ग्रुपवर टाकणारे शिक्षकच आहेत, याचं जास्त वाईट वाटतं. सर, टाकायचंच तर पहिल्या तासाला मुलांपुढे प्रश्न टाका : मला कळलंय, हे मी कशावरून म्हणतो? सोपं वाटलं म्हणजे शिकलो का? आणि उत्तराची घाई करू नका, एक अख्खा तास त्यावर जाऊ द्या.