आकाशगंगेतला गॅस संपला म्हणून सूर्य मंदावला? साफ खोटं आहे हे

तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. मी बघून सोडून दिलेला, पण काल तात्यांचा फोन आला, "का रं, सूर्यच कमी पडाय लागलाय म्हणं, ती पावडर घेऊन टाकू का?" आणि डोकंच फिरलं. मेसेज थोडक्यात असा: आपल्या आकाशगंगेतला गॅस संपला, नवीन तारे बनायचे बंद झाले, त्यामुळं सूर्याला इंधन मिळेना, उजेड उतरला, म्हणून घड कमी लागतायत आणि उपाय काय तर 'कॉस्मिक' पावडर फवारा. मधे पेरलेलं ज्ञान वेगळंच: अंडाकृती गॅलक्सी (गॅलक्सी म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) म्हणजे बाळं, चक्राकार म्हणजे म्हाताऱ्या, गॅस जास्त तिथं तारे जास्त, आणि शास्त्रज्ञ हे सगळं लपवतात.

सूर्याचं आधी, कारण पैसे त्याच्यावर उकळतायत. तारा जन्मताना जेवढा गॅस घेतो तेवढ्यावरच पुढं जगतो, सूर्याला आकाशगंगेतून रोजचा पुरवठा होतच नाही. एजन्सीच्या गोडाऊनमधले सिलिंडर संपले म्हणून तुमच्या घरातला भरलेला सिलिंडर रिकामा होतो का? सूर्य सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो, हे ४६० कोटी वर्षं चाललंय आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षं पुरेल. आणि उजेड उतरणं सोडा, जन्माच्या वेळी तो आजच्या ७० टक्के होता, तिथून हळूहळू वाढतच आलाय. अकरा वर्षांच्या चक्रात जो फरक पडतो तो ०.१ टक्क्याच्या आसपास, तो बागेला कळायचाही नाही.

घड कमी का लागतात ते तात्यांनाच माझ्यापेक्षा जास्त माहितीय. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घड तयार होत असतो, नेमकं तेव्हा आभाळ गच्च राहिलं की घडनिर्मिती मार खाते. ऊन ढगांनी अडवलंय, सूर्यानं कमी केलेलं नाही, आणि कुठल्याही पावडरीनं ढग हटत नाहीत. आधीच डाऊनी रोगाच्या फवारण्यांनी कंबरडं मोडलेल्या माणसाच्या गळ्यात हे मारायचं म्हणजे सरळ लूट आहे.

आता "गॅस संपला". यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागतं. विश्वात तारे बनायचा वेग सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी सगळ्यात जास्त होता आणि आज तो साधारण दहाव्या हिश्श्यावर आलाय. का आला, याचा मोठा धागा आपल्याच पुणे जिल्ह्यात सापडलाय. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या निरीक्षणांवर २०२० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात पेपर आला. इतक्या लांबच्या एकेका गॅलक्सीच्या हायड्रोजनचा सिग्नल फारच क्षीण, म्हणून त्यांनी ७,६५३ गॅलक्सींचे सिग्नल एकत्र केले आणि सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यात सरासरी किती हायड्रोजन होता ते मोजलं. गॅस भरपूर निघाला, पण तारे इतक्या झपाट्यानं बनत होते की बाहेरून नवा गॅस आला नाही तर तो १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. पुढं तारे बनणं मंदावलं त्याचं कारण बहुतेक हेच, नवा गॅस पुरेसा आला नाही. पण मंदावणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं! आपल्या आकाशगंगेत आजही वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांच्या वजनाइतके नवे तारे बनतात. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा दक्षिणेला जो धुरकट ठिपका दिसतो, तिथं आत्ता तारे जन्मतायत, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर. थंडीत गच्चीवर जाऊन साध्या दुर्बिणीतून कुणीही बघावं.

बाळ-म्हाताऱ्याचं उलटंच आहे. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलनं १९२६ मध्ये गॅलक्सींची वर्गवारी केली, तिच्या आकृतीत अंडाकृती डावीकडं आणि चक्राकार उजवीकडं काढतात, ते बघून कुणीतरी वाढीचा क्रम समजून बसलंय. अंडाकृतींमध्ये बहुतेक जुने, लालसर तारे असतात. गॅस अगदीच नसतो असंही नाही, मोठ्यांमध्ये भरपूर असतो पण कोटभर अंश तापलेला, आणि तारा बनायला गॅस उणे २५०-२६० अंशांपर्यंत गार लागतो, तरच तो स्वतःच्या वजनानं आत कोसळतो. आता यातही अपवाद आहेत, जवळच्या २६० अंडाकृती आणि भिंगाकार गॅलक्सी तपासल्या तेव्हा साधारण २२ टक्क्यांत असा गार रेणूंचा गॅस मिळाला. पण म्हणून त्या बाळं होत नाहीत.

जास्त गॅस म्हणजे जास्त तारे? तेही सरसकट नाही. मॅलिन-१ नावाच्या गॅलक्सीत हायड्रोजन प्रचंड आहे पण इतका विरळ पसरलाय की तारे सावकाश बनतात, आणि एम-८२ आपल्या आकाशगंगेपेक्षा खूप लहान असून मधल्या भागात गॅस दाटल्यामुळं आपल्या कितीतरी पट वेगानं तारे बनवतेय. दाटी दुप्पट झाली तर तारे बनायचा वेग अडीच पटीच्याही वर जातो, हे खगोलशास्त्रज्ञ केनिकटनं १९९८ मध्येच आकड्यांनी दाखवलंय.

राहिलं लपवण्याचं. जो पेपर जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या विज्ञान नियतकालिकात छापून आला, तो लपवला कुणी? ज्यानं ग्रुपवर हे टाकलंय त्यानं पावडरीत नेमकं काय आहे आणि कुठल्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे तेवढं तिथंच लिहावं, तोवर कुणीही एक रुपया देऊ नये.