मासा फोटो बघून गळाला लागत नाही

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, इपॉक्सी बोटानेच पसरायचं ना? त्यात तसंच दिलंय." इपॉक्सी म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा पारदर्शक लेप, आणि 'त्यात' म्हणजे गळ टाकून मासे गरवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर सध्या येऊन आदळणारा तो मजकूर: खऱ्या माशाचा फोटो छापा, लाकडी ल्युअरवर (गळाला लावायच्या नकली माशावर) चिकटवा, मासे वेडे होतील. मला तो सहा जणांनी पाठवलाय आणि सहाही जणांनी खाली "करून बघ" लिहिलंय. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच काय ते लिहून टाकतो.

सुरुवात बोटापासूनच, कारण बाकीच्या चुकांत फार तर ल्युअर वाया जातो. मजकूर म्हणतो, "ब्रशने फुगे येतात, म्हणून इपॉक्सी उघड्या बोटाने पसरवा, मग हात थिनरने पुसा." फुगे येतात हे कबूल. जोरजोरात ढवळलं की येणारच, हळू ढवळा. पण कच्चं इपॉक्सी कातडीला पुन्हापुन्हा लागत राहिलं तर शरीर त्याच्यावर उलटू शकतं. पहिल्या काही ल्युअरना काहीच होत नाही, माणूस निर्धास्त होतो, आणि मग एके दिवशी बोटांच्या बेचक्यात खाज, लाली, पुरळ. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते; पुढे थेंबभरही पुरतो. थिनरने तर आगीत तेलच. तो कातडीवरचं तेल काढून टाकतो आणि रेझिनला, म्हणजे इपॉक्सीतल्या चिकट द्रवाला, पातळ करून आत शिरायला वाट देतो. लागलंच तर साबण आणि पाणी. मुळात हातात नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) मोजे घाला, लेटेक्सच्या पातळ मोज्यांवर भरवसा ठेवू नका. आणि हाताला चिकटत नाही म्हणजे ते पूर्ण पक्कं झालं असं नाही. त्याला काही दिवस लागतात, तोवर पॉलिशपेपर मारलात तर उडणाऱ्या धुळीतही तेच कच्चं रेझिन असतं. "मी यूव्ही रेझिन (अतिनील उजेडात घट्ट होणारं) वापरतो, मला काय त्याचं" म्हणणाऱ्यांनीही मोजे घालावेत. त्याचीही अ‍ॅलर्जी होते.

त्याच दमात पुढची ओळ: "वरून सुपरग्लू कापसाने चोळा, ल्युअर कायमचा वॉटरप्रूफ." लिहिणाऱ्याने हे एकदा तरी करून पाहिलंय का? सुपरग्लू कापसाला लागलं की झपाट्याने घट्ट होतं आणि होता होता इतकं तापतं की धूर निघतो. बोट भाजतं, कापूस पेटूही शकतो. पातळ सुपरग्लू लाकडात मुरवून लाकूड पाण्यापासून वाचवतात, ही गोष्ट खरी. पण ती कापसाशिवाय.

आता मुख्य दावा: "फोटोच असल्यामुळे माशाला खरं-खोटं कळत नाही. जितका बारकावा, तितके मासे." बारकावा कोणाच्या डोळ्यांना? प्रिंटरच्या चार शाया माणसाच्या डोळ्यासाठी जुळवलेल्या असतात. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी लार्जमाउथ बास या माशाच्या रंगदृष्टीवर केलेलं काम 'करंट झूलॉजी' या नियतकालिकात २०१९ साली छापून आलंय. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, या माशाच्या डोळ्यात दोनच: एक हिरव्याच्या बाजूची, सुमारे ५३५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींना सर्वाधिक प्रतिसाद देणारी, दुसरी लालच्या बाजूची, सुमारे ६१४ ची. शिकवलेल्या माशांनी लाल आणि हिरवा नीट ओळखला, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत ते गोंधळले, निळा आणि काळा यांतही. सगळ्या माशांचे डोळे असेच नसतात. पण भाच्याने ज्या निळसर झाकेसाठी तीनदा प्रिंट काढली, ती या माशाला काळ्याहून फारशी वेगळी दिसणार नाही.

आणि खऱ्या माशाची चांदी हा रंग नसतोच. खवल्यांखालच्या ग्वानिनच्या स्फटिकांवरून परतणारा तो उजेड असतो. मासा वळला की चमक सरकते. फोटोत ती जागच्या जागी गोठते. भाच्याच्या ल्युअरवर फ्लॅशचा पांढरा ठिपका पाठीवर छापला गेलाय आणि डोळा धुरकट आलाय. येणारच, फोटो मेलेल्या माशाचा होता.

फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ साली बुचाचा पहिला ल्युअर कोरला, तेव्हा वरून लावली ती चॉकलेटची चांदी, आणि संरक्षक थरासाठी वितळवली फोटोची फिल्म. फोटोचा उपयोग तेवढाच. त्याचं लक्ष होतं ते घायाळ माशाच्या डुलण्याकडे.

"कोणताही प्रिंटर, कोणताही कागद चालतो." नाही चालत. इंकजेटची शाई बहुधा पाण्याला दाद देते. गोंदाचा ओला ब्रश फिरला की माशाचे पट्टे पोटावर ओघळतात. लेझरचं टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर बसवलेली प्लास्टिकची भुकटी, ते टिकतं. कागद टिश्यूच हवा. वरच्या थराखाली तो पारदर्शक होतो, आणि घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही, म्हणून लाकडाला आधी पांढरा हात द्यायचा. दुसऱ्या बाजूसाठी चित्र आरशासारखं उलटं छापा, नाहीतर एकीकडच्या माशाचं तोंड शेपटीकडे येईल.

"रंगकाम शिकायची गरजच उरली नाही." सपाट कागद गोलाईवर बसतो का? डोक्यापाशी आणि पोटाखाली चुण्या पडतात. कडांना कातर द्यावी लागते, आणि पाठीवरचा जोड शेवटी रंगानेच झाकावा लागतो. हां, ज्याचा हात खवले रंगवायला वळत नाही, त्याला छापील खवले सोपे पडतात, एवढं मान्य. माझ्याही दोन ल्युअरवर आहेत. माशांपेक्षा पाहुण्यांना जास्त आवडतात.

भाच्याला म्हटलं, ते इपॉक्सी ठेव बाजूला. आधी ल्युअर टबातल्या पाण्यात ओढून बघ, डुलतो का. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"मामा, आडवा पडतोय."