वाटेत जडलेल्या प्रेमाची आठवण कशी काढावी

एकट्याने गाडी काढून लांब निघालात आणि वाटेत भलत्याच माणसात जीव अडकला, असं कधी घडलं असेल तर ती गोष्ट लगेच कुणाला सांगू नका. काही वर्षं जाऊ द्या. ताजी ताजी सांगितली की तपशील खरे येतात आणि सगळा विचका होतो.

आधी प्रवासाचं कारण दुरुस्त करून घ्या. ‘रजा फुकट जाणार होती’ किंवा ‘मित्रांनी ऐनवेळी टांग दिली’ ही काय कारणं झाली? तुम्ही स्वतःच्या शोधात निघाला होतात. स्वतः सापडायच्या आत दुसरंच कुणीतरी सापडलं, हे वाक्य उच्चारताना मध्ये जरा थांबायचं. लोक हसतात. नाही हसले तरी थांबायचं.

मग पंक्चर. ते झालंच नसेल तर गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. झालं असेल तर मात्र अंधार, निर्मनुष्य रस्ता आणि तुमचा धीरोदात्त चेहरा एवढंच ठेवा. खरं काय झालं होतं? जॅक लावून तुम्ही आधी गाडी उचललीत आणि मग नट सोडवायला बसलात. पाना फिरवला की नटाबरोबर अख्खं चाक गरगर फिरत होतं. शेवटी मागे थांबलेल्या गाडीतून उतरलेल्या त्या माणसाने मोबाइलचा टॉर्च तुमच्या तोंडावर मारून विचारलं, “गाडी खाली घ्या ना. नट आधी सैल करतात, माहीत नाही का?” तुमच्या प्रेमकथेतला हा पहिला संवाद. तो गाळा. त्या जागी ‘आमची नजरानजर झाली’ असं घाला.

छाती धडधडत होती, हे मात्र जरूर सांगा. कशामुळे, ते सांगू नका. शेजारून ट्रक सुसाट गेला होता. डटन आणि ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली या धडधडीची पार अब्रू काढली. कॅनडातला कॅपिलानो झुलता पूल, खाली सुमारे 70 मीटर खोल दरी. तो ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने प्रश्नावली भरायला दिली आणि आपला फोन नंबरही दिला. नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी नंतर फोन केला. जवळच्या भक्कम, बुटक्या पुलावर मात्र 16 पैकी दोघांनीच. भीतीने उडालेली छाती लोकांनी प्रेमाच्या खात्यावर मांडली असावी, असा त्यांचा निष्कर्ष. असले प्रयोग घरात वाचून दाखवू नयेत. लग्नाच्या वाढदिवशी तर मुळीच नाही.

शास्त्राचं काही घ्यायचंच असेल तर सोयीचं घ्या. कॅलिफोर्नियात तीन आठवडे सायकलवर हिंडलेल्या मंडळींचा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. प्रवास चालू असताना वाटला त्यापेक्षा आठवणीत तो जास्त गोड निघाला. म्हणजे तुम्ही थापा मारत नाही. तुमची स्मरणशक्ती नीट काम करते आहे, इतकंच.

खरी अडचण एकच: या गोष्टीला साक्षीदार आहे आणि तो तुमच्याच घरात राहतो. चारचौघांत दोघांनी मिळून ही गोष्ट कधीही सांगू नये. तुम्ही ‘नियतीनेच तिथे थांबवलं’ म्हणालात की पलीकडून ‘रेंज येत नव्हती म्हणून थांबले होते’ असं येतं. पुढे नट येतात, टॉर्च येतो, आणि पाहुण्यांना तीच गोष्ट जास्त आवडते, हे फारच लागतं. म्हणून साक्षीदार चहा ठेवायला आत गेल्यावरच नियतीचा विषय काढावा.

आणि एक दिवस हाच साक्षीदार सहज म्हणेल, “या सुट्टीत मी एकटीच गाडी घेऊन जाऊन येऊ का?” हसत हो म्हणा. स्वातंत्र्य, स्वतःचा शोध वगैरे तुम्हीच इतकी वर्षं ऐकवत आला आहात. फक्त निघण्याच्या आदल्या दिवशी चारही टायरची हवा स्वतः तपासा. स्टेपनी बघा. शक्य असेल तर आणखी एक स्टेपनी डिकीत कोंबा. मोबाइल नीट चार्ज करून द्या, सोबत पॉवर बँक द्या. आणि बजावून सांगा की रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली, तरी थांबायचं नाही.