फ्यूजवर चांदी गुंडाळणाऱ्यांसाठी

‘जुन्या जीपचे लाइट मंद? वायरमन नको, हे पाच उपाय करा’ हा मेसेज आमच्या काकांपर्यंत पोचला आणि त्यांनी त्यांच्या कमांडर जीपवर त्यातला चौथा उपाय करूनही टाकला. म्हणून हे लिहितोय.

त्यातलं सगळ्यात भयंकर तेच: ‘१००/९०चा बल्ब घाला, फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा.’ अहो, फ्यूज उडतो तो वायर वाचवायला! ईसीई रेग्युलेशन ३७ या गाड्यांच्या बल्बांच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे १२ व्होल्टचा एच-४ हेडलाइट बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अपरला (लांबच्या झोताला) ६०, डिपरला ५५. अपर लावला की दोन बल्ब मिळून १० अँपिअर खेचतात. शंभरचे घातले की साडेसोळाच्या वर. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत पावणेतीनपटीहून थोडी जास्तच. ती वायर असते वीस-पंचवीस वर्षांची, इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं, आणि रिले (स्विचच्या छोट्या करंटवर चालून बल्बला बॅटरीतून वीज देणारा जोड) नसेल तर हा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. चांदी वितळत नाही, मग जळतो स्विच नाहीतर वायरिंग. तेही रात्री, घाटात, लाइट लागतात तेव्हाच.

‘लाइट पिवळे म्हणजे अर्थ (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) खराब’ हे मात्र, मान्य करावं लागेल, बऱ्याचदा खरं निघतं. बल्बला मिळणारं व्होल्टेज दहा टक्के घटलं तरी उजेड साधारण तीस टक्के जातो. अपर मारल्यावर पार्किंगचा बल्ब मिणमिणला तर करंट आडवाटेने परततोय, अर्थ बघाच. पण पुढचा सल्ला काय, तर ‘बॉडीला कुठेही स्क्रू पिळा’! रंगावर आणि गंजावर पिळलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, वायरीच्या टोकाचं थिंबल (धातूची कडी) नीट दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून व्हॅसलीन. बॅटरीपासून चासी आणि इंजिनला जाणाऱ्या पट्ट्याही बघा. एकट्या हेडलाइटची वायर घासून भागत नाही.

‘मीटरवर १२ व्होल्ट आले की वायरिंग ओके’? बल्ब काढून मोजलं तर एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा १२ दाखवेल, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. बल्ब जागेवर, लाइट चालू. मीटरचं एक टोक बल्बच्या अर्थ पिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. एक-दोन दशांश व्होल्ट चालतील. अर्धा आला तर दोष अर्थमध्ये. तिथे ठीक असेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या पिनपर्यंत असंच मोजा. जुन्या जीपमध्ये स्विच आणि फ्यूजबॉक्सच्या क्लिपाच बरंच व्होल्टेज खातात.

पाचवा उपाय रिलेचा. तो चांगला आहे, फक्त बॅटरीजवळ फ्यूज घालायचं लिहायला विसरलेत. तो घाला. आणि रिले बसवल्यावर ६०/५५चाच बल्ब पुरतो, शंभरचा परत करा.