‘उर्वरित’ म्हणजे कशातून उरलेलं? रेसिड्यू आणि रिमेंडरबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

मृत्युपत्रावरच्या लेखाला आलेली तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: रेसिड्यू आणि रिमेंडर हे दोन्ही शब्द ‘उरलेलं’ एवढंच सांगतात. इंग्रज वकील स्वतःच ‘रेस्ट, रेसिड्यू अँड रिमेंडर’ असं एका दमात लिहितात. मग मराठीत ‘उर्वरित’ लिहिलं तर बिघडलं काय? सोबत तुम्ही वडिलांच्या मृत्युपत्रातली ओळही दिली आहे: ‘राहता फ्लॅट पत्नीस, तिच्या पश्चात उर्वरित मुलास, बाकी सर्व उर्वरित मिळकत मुलीस.’

त्या तीन शब्दांच्या त्रिकुटाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथे तिन्ही शब्द समानार्थीच आहेत. एकच गोष्ट दोन-तीन शब्दांत सांगण्याची इंग्रजी दस्तलेखनाची जुनी सवय आहे ती. पण रिमेंडर हा शब्द त्या त्रिकुटाबाहेर एकटा येतो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो, आणि तुमच्या वडिलांच्या ओळीतला पहिला ‘उर्वरित’ नेमका त्या जागी बसला आहे. दुसरा ‘उर्वरित’ मात्र रेसिड्यूच आहे. एकाच ओळीत एकच शब्द दोन वेगळ्या कामांना जुंपला गेलाय.

रेसिड्यू म्हणजे संपूर्ण मिळकतीतून देणी, खर्च आणि नावानिशी दिलेल्या देणग्या (म्हणजे मृत्युपत्राने कुणाला दिलेल्या वस्तू किंवा रकमा) वजा जाता उरतं ते. हा वजाबाकीचा आकडा आहे आणि तो मृत्यूनंतरच कळतो. रिमेंडर म्हणजे एकाच वस्तूच्या मालकीतला, आधीच्या माणसाचा तहहयात हक्क संपल्यावरचा भाग. इथे मिळकतीतून काही वजा होत नाही, फ्लॅट अख्खाच राहतो. आधी कोण आणि नंतर कोण एवढंच ठरतं.

रेसिड्यूचा हिशेब आकड्यांत बघू. फ्लॅट सोडून मुदतठेवी १८ लाख, म्युच्युअल फंड ९ लाख, बचत खात्यात २ लाख, असे २९ लाख आहेत असं धरा. हॉस्पिटलचं बिल ४ लाख, वैयक्तिक कर्ज ६ लाख, अंत्यविधी आणि मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचा खर्च १ लाख: गेले ११. भाच्याला ५ लाख आणि एका संस्थेला ३ लाख रोख लिहिले आहेत: गेले आणखी ८. उरले १० लाख. हे १० लाख म्हणजे रेसिड्यू, आणि भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ३६६ नुसार ते रेसिड्यूच्या मानकऱ्याला मिळतात. आता देणी आणि खर्च मिळून ११ ऐवजी २६ लाख निघाले, तर हातात राहतात ३ लाख. रेसिड्यू शून्य. भाचा आणि संस्था यांनाही पूर्ण रक्कम मिळत नाही. ३ लाख ५:३ या प्रमाणात वाटले जातात, म्हणजे भाच्याला १ लाख ८७ हजार ५०० आणि संस्थेला १ लाख १२ हजार ५००. नाव घेऊन दिलेल्या फ्लॅटला या कपातीत हात लागत नाही. (फ्लॅटवर गृहकर्जाचं तारण असेल तर, मृत्युपत्रात वेगळं लिहिलं नसल्यास, तो बोजा फ्लॅट घेणाऱ्यावर जातो.) थोडक्यात, पैसा कमी पडला की पहिला फटका रेसिड्यूला बसतो. ‘बाकी सर्व मुलीला’ हे ऐकायला उदार वाटतं, पण सगळ्यात डळमळीत वाटा तोच असतो.

तोच वाटा कधीकधी सगळ्यात मोठाही होतो. कलम १०३ प्रमाणे, मृत्यूच्या दिवशी मालकीचं असलेलं आणि ज्याची दुसरी लागू होणारी व्यवस्था केलेली नाही असं सगळं रेसिड्यूत येतं. मृत्युपत्र केल्यानंतर घेतलेली जमीन त्यात येते. एखादी देणगी कायद्याने रद्द ठरली किंवा ती घेणारा आधीच वारला, तर तीही तिथेच जमा होते. तुमच्या वडिलांनी उद्या फ्लॅट विकून पैसे बँकेत टाकले, तर मृत्यूच्या दिवशी ‘राहता फ्लॅट’ अस्तित्वातच नसेल. मग ती देणगी बुडते, आणि विक्रीचे पैसे ‘बाकी सर्व’मधून तुमच्या बहिणीकडे जातात, त्या फ्लॅटपोटी आईला आणि तुम्हाला काहीच मिळत नाही. मुंबई-पुण्यात पुनर्विकासात गेलेल्या इमारतींच्या बाबतीत हा धोका आणखी जवळचा आहे. जुना फ्लॅट पाडला, नवा वेगळ्या क्षेत्रफळाचा आणि वेगळ्या क्रमांकाचा मिळाला, मधली दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात गेली आणि त्याच काळात मृत्यू झाला, तर ‘राहता फ्लॅट’ या शब्दांवरून भांडण उभं राहतं.

रिमेंडर वेगळ्या नियमांनी चालतो. ‘अमक्याला हयातीपुरतं, त्यानंतर तमक्याला’ अशी स्वच्छ तरतूद असेल तर तमक्याचा हक्क मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूच्या दिवशीच पक्का होतो. पुढे ढकलला जातो तो फक्त ताबा. वडिलांनंतर पण आईच्या आधी मुलगा गेला, तरी तो हक्क मुलाच्या वारसांकडे जातो, बहिणीकडे येत नाही. पण ‘त्या वेळी मुलगा हयात असल्यास’ एवढे पाच शब्द घातले की हक्क अटीवर लटकतो, आणि अट फसली तर फ्लॅट रेसिड्यूत म्हणजे बहिणीकडे जातो. मुलगा वडिलांच्याच आधी गेला तर? त्याची मुलंबाळं हयात असतील तर कलम १०९ त्या देणगीला वाचवतं. नसतील तर तीही रेसिड्यूत. रिमेंडर फसला की रेसिड्यू त्याला पोटात घेतो, पण रेसिड्यू फसला तर त्याला सांभाळायला खाली काहीच नसतं. समजा, ‘बाकी सर्व माझ्या तीन भावांना समसमान’ असं लिहिलंय आणि एक भाऊ आधी वारला. त्याचा तिसरा हिस्सा उरलेल्या दोघांत वाटला जाईल अशी सगळ्यांची समजूत असते. कलम १०८ तसं म्हणत नाही. तो हिस्सा मृत्युपत्रच नसल्यासारखा कायदेशीर वारसांकडे जातो.

आता तुमच्या ओळीकडे. ‘फ्लॅट पत्नीस, तिच्या पश्चात उर्वरित मुलास’ हे तीन प्रकारे वाचता येतं. एक, पत्नीला तहहयात हक्क आणि नंतर पूर्ण मालकी मुलाला. दोन, पत्नीला पूर्ण मालकी, आणि तिने विकून-खर्चून जे मागे ठेवलं ते मुलाला. तीन, पत्नी आधीच वारली असेल तर तिच्या जागी मुलगा. कलम ९५ म्हणतं की मर्यादित हक्क द्यायचा होता असं मृत्युपत्रातून दिसत नसेल, तर घेणाऱ्याला पूर्ण हक्क मिळतो. दुसरं वाचन धरलं तर पूर्ण मालकी एकदा दिल्यावर ‘जे उरेल ते’ पुढे देण्याला आधार उरत नाही, आणि ‘उर्वरित’ हा शब्द कोर्टाला त्याच वाचनाकडे ढकलतो. अख्ख्या फ्लॅटला ‘उर्वरित’ कोण म्हणेल? त्यातून आई मृत्युपत्र न करता गेल्या, तर तो फ्लॅट त्यांच्या वारसांत वाटला जाईल, म्हणजे बहिणीलाही हिस्सा येईल. वडिलांच्या मनात ते होतं का, हे आज त्यांनाच विचारता येतं.

पत्नीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ च्या कलम १४(१) मुळे, आधीपासून असलेल्या पोटगीच्या हक्कापोटी स्त्रीला मिळालेली मर्यादित मालकी पूर्ण मालकी बनू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या तुलसम्मा निकालात हे सविस्तर मांडलं. मृत्युपत्राने नव्याने दिलेल्या मर्यादित हक्काला कलम १४(२) लागू होतं आणि तो मर्यादितच राहतो. यातलं कुठलं कलम लागतं यावर बरेच दावे लढले गेलेत. म्हणून ‘तिच्या पालनपोषणासाठी तहहयात’ असे शब्द सवयीने घालू नका. चरितार्थाची सोय मुदतठेवीतून किंवा इतर रकमेतून वेगळी करावी आणि तसं स्पष्ट लिहावं.

तुमच्या वडिलांना पहिला अर्थ अभिप्रेत असेल, तर शब्द असे हवेत: ‘माझ्या मालकीचा अमुक फ्लॅट, तसेच पुनर्विकासात, विक्रीतून किंवा अन्य कारणाने त्याच्या बदल्यात मला मिळणारा फ्लॅट अथवा रक्कम, यांत माझ्या पत्नीस फक्त तहहयात राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क राहील. विक्री, गहाण किंवा बक्षीसपत्र करण्याचा हक्क तिला राहणार नाही. तिच्या मृत्यूनंतर, किंवा ती माझ्याआधी मयत झाल्यास माझ्या मृत्यूनंतर, संपूर्ण मालकी माझ्या मुलाची राहील.’ बदल्यात रोख रक्कमच आली, तर ती कोणी सांभाळायची आणि आईला फक्त व्याज की मुद्दलही, हे पुढच्या वाक्यात लिहावं लागेल.

रेसिड्यूसाठी: ‘वर व्यवस्था न केलेली आणि वरील ज्या देणग्या कोणत्याही कारणाने लागू होणार नाहीत त्यांसह, माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्या मालकीची असलेली सर्व स्थावर-जंगम मिळकत, देणी व खर्च वजा जाता, माझ्या मुलीस मिळेल, ती माझ्याआधी मयत झाल्यास अमक्यास.’ शेवटचा तुकडा बहुतेक मृत्युपत्रांत राहून जातो.

दोन्ही मसुद्यांत ‘उर्वरित’ हा शब्द मुद्दाम टाळलाय. इंग्रजीतून मृत्युपत्र करायचं असेल, तरी पहिल्या कलमात ‘रिमेंडर’ न लिहिता तहहयात हक्क आणि त्यानंतरची पूर्ण मालकी हे शब्दांत सांगावं, आणि ‘रेसिड्यू’ फक्त शेवटच्या सर्वसमावेशक कलमासाठी ठेवावा.

सगळं मृत्युपत्र नव्याने करायची गरज नाही. या दोन तरतुदींपुरतं पुरवणीपत्र, म्हणजे कोडिसिल, चालेल. त्यात मूळ मृत्युपत्राची तारीख, नोंदणी झाली असल्यास क्रमांक, कोणतं वाक्य रद्द आणि त्याजागी कोणतं, हे लिहावं. मूळ मृत्युपत्रासारखीच वडिलांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार फ्लॅट किंवा पैसे घेणाऱ्यांपैकी नसलेले बरे. जुन्या कागदावर पेनने खाडाखोड करून ‘उर्वरित’ शब्द कापू नका. साक्षीदारांच्या सह्यांशिवाय केलेली अशी दुरुस्ती भारतीय वारसा अधिनियमाच्या कलम ७१ प्रमाणे धरली जात नाही.